कोंबड्यांचा कौल कसा घ्यावा

मी कोंबड्या आधी पाळल्या आणि रोमन वक्ता-लेखक सिसेरो नंतर वाचला. त्यामुळे रोमन सेनापती लढाईच्या दिवशी पहाटे कोंबड्यांपुढे खाणं टाकून देवाची परवानगी घेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही, प्रश्न पडले. आदल्या संध्याकाळी त्यांना कधी खायला घातलं होतं? त्यांत एखादी खुडूक होती का? पिंजरा वाऱ्यावर ठेवला होता की आडोशाला? इतिहासकार यातलं काहीच लिहीत नाहीत, कारण त्यांना लढाईत रस. मला कोंबडीत आहे, म्हणून हे टिपण.

धरून चाला की तुम्ही रोमन प्रजासत्ताकाचे कॉन्सल आहात. हातात एका वर्षाचा अधिकार, मागे सैन्य, समोर इटलीतल्या डोंगराळ भागातले सॅम्नाइट, नाहीतर समुद्रापलीकडचे कार्थेजवाले. उद्या लढायचं आहे. तलवारीला धार लावलेली आहे. आता पिंजरा मागवा.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

पहिली चूक इथेच होते. कोंबड्यांना भविष्य विचारायचं नसतं. "मी जिंकेन का?" हा प्रश्न या विधीत बसतच नाही. विचारायचं ते एवढंच, की आज जे काम मी हाती घेतोय त्याला ज्युपिटरची, म्हणजे रोमनांच्या सर्वांत मोठ्या देवाची, हरकत नाही ना? उत्तर हो किंवा नाही, आणि तेही त्या एका दिवसापुरतं. आज नकार आला तर उद्या पहाटे उठून तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो, देव रागावत नाही. सरकारी कचेरीत अर्ज परत आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकावा, तितकं हे साधं होतं.

शकुनांचा अर्थ लावणारे अधिकारी म्हणजे ऑगर. त्यांनी शकुनांचे पाच वर्ग पाडले होते: आकाशातली वीज, रानातले पक्षी, कोंबड्यांचं खाणं, चार पायांची जनावरं आणि अवचित घडणारे अपशकुन. यातली वीज बोलावून येत नाही. गरुडाचंही तेच, तो तुमच्या सोयीने उडत नाही. कोंबडी मात्र पिंजऱ्यात घालून सैन्याबरोबर नेता येते आणि पाहिजे त्या पहाटे तिला प्रश्न विचारता येतो. छावणीत कोंबड्यांचं चाललं ते यामुळे. त्यांच्या अंगी काही मोठं पावित्र्य होतं म्हणून नव्हे, तर त्या हाताशी होत्या म्हणून.

माणूस बघून घ्या, मग कोंबड्या

पिंजरा सांभाळणाऱ्याला पुलारियस म्हणत. लॅटिनमध्ये 'पुल्लुस' म्हणजे पिल्लू किंवा तलंग, त्यावरून हे नाव. हा माणूस ऑगर नव्हे. ऑगर बडी असामी असायचे, आयुष्यभराच्या मानाचे, स्वतः सिसेरोही त्यांतला एक. पुलारियस म्हणजे खुराड्याचं दार उघडणारा. रोमजवळ टस्क्युलमच्या परिसरात सापडलेला एक थडग्याचा दगड मला फार आवडतो. तो मार्कस पोम्पेयस आस्पर नावाच्या सेंच्युरियनचा, म्हणजे सैन्यातल्या एका तुकडीच्या अधिकाऱ्याचा. दगडावर सैन्याची निशाणं कोरली आहेत, आणि त्यांच्याबरोबर कोंबड्यांचा पिंजराही. उभारणाऱ्याने आपलं नाव लिहिलंय: अटिमेटस, मुक्त केलेला गुलाम, पुलारियस. निशाणांच्या शेजारी पिंजरा कोरून घेणाऱ्या माणसाला आपल्या कामाची लाज वाटत नसणार.

असा माणूस मिळाला तर सोडू नका. ज्याला कोंबडीच्या नुसत्या चालीवरून तिचं दुखणं कळतं, तो तुमच्या दहा सल्लागारांपेक्षा उपयोगाचा.

कोंबड्या कोणत्या घ्याव्यात, हे सांगणारा रोमन मजकूर माझ्या वाचनात नाही, तेव्हा हे माझं स्वतःचं ज्ञान समजा. तलंगा घ्या, अंड्यावर न आलेल्या. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, घाईघाईने चार दाणे टिपते आणि परत बसते. तिच्या भरवशावर राज्य चालवू नये. पिसं झडायच्या दिवसांत कोंबडी मलूल असते, तीही नको. आणि ज्या कोंबड्यांची जागा कालच बदलली, त्यांच्याकडून आज काही अपेक्षा धरू नका. नव्या ठिकाणी त्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि खाण्याकडे बघतही नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे समुद्रात लागणार आहे.

पहाटेची पद्धत

रोमन इतिहासकार लिव्हीने इ.स.पू. २९३ मधल्या लढाईची गोष्ट सांगितली आहे. कॉन्सल लुशियस पापिरियस कर्सर रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी आवाज न करता उठला आणि त्याने पुलारियसला कौल घ्यायला पाठवलं. (रोमन लोक रात्रीचे चार भाग करत, म्हणजे मध्यरात्र उलटून गेलेली होती.) आवाज न करता हे महत्त्वाचं. शांतता ही पहिली अट. आणि शांतता म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे, विधीत कसलंही वैगुण्य नसणं.

सिसेरोने हा संवाद दिलाय. तो जवळजवळ जसाच्या तसा पाठ करा. कॉन्सल आपल्या साहाय्यकाला नाव घेऊन म्हणतो, "क्विंटस फाबियस, कौलाच्या वेळी तू माझ्याजवळ असावंस अशी माझी इच्छा आहे." तो म्हणतो, "ऐकलं." मग कॉन्सल: "शांतता आहे असं वाटलं की सांग." तो: "शांतता आहे असं वाटतं." मग: "खाऊ लागल्या की सांग." तो: "खातायत."

झालं. एवढाच विधी.

सिसेरोची तक्रार अशी, की पूर्वी या जागी जाणकार माणूस असायचा, आता कोणीही चालतो, आणि तो शांतता आहे का हे बघायला मान वर करत नाही की इकडेतिकडे पाहत नाही, विचारल्याबरोबर ठोकून देतो. स्वतः ऑगर असलेल्या माणसाने इ.स.पू. ४४ मध्ये हे लिहून ठेवलं. आपल्याच खात्यातली लबाडी त्याच खात्यातल्या माणसाने इतक्या शांतपणे मांडलेली मी फार ठिकाणी वाचलेली नाही.

आता खाण्याबद्दल. दाणे टाकू नका, गोळा टाका. लॅटिनमध्ये त्याला 'ओफ्फा' म्हणतात, म्हणजे 'पुल्स'चा गोळा. 'पुल्स' ही रोमनांची जुनी रोजची लापशी, खपली गव्हाची, घट्ट शिजवलेली. गोळाच का, हे कोंबड्या पाळणाऱ्याला विचारा. दाणा असला तर कोंबडी तो नेमका उचलते आणि गिळते, खाली काही पडत नाही. ओलसर, चिकट गोळा मात्र तिला एका घासात गिळता येत नाही. ती तो चोचीत धरून मानेला झटके देते, आपटते, फाडते. तुकडे चारी बाजूंना उडतात, जमिनीवर पडतात. आणि नेमकं तेच तर हवंय! चोचीतून तुकडा निसटून जमिनीवर आपटला की सर्वांत उत्तम शकुन, 'त्रिपुडियम सोलिस्टिमम'. सिसेरो 'त्रिपुडियम' शब्दाची फोडही देतो: 'टेरा' म्हणजे जमीन, 'पाव्हिरे' म्हणजे आपटणे, त्यावरून आधी 'टेरिपाव्हियम', मग 'टेरिपुडियम', मग झिजत झिजत 'त्रिपुडियम'.

त्याचा पुढचा मुद्दा मी घरी करून पाहिला. पिंजऱ्यात कोंडून उपाशी ठेवलेल्या पक्ष्यापुढे गोळा टाकला तर तुकडा पडणारच, यात देवाची इच्छा कुठे आली, असं तो विचारतो. रात्री कोंबडीच्या गळ्यातली पिशवी रिकामी होते, पहाटे उजाडताना तिला सपाटून भूक असते. मी पिंजऱ्याचं दार उघडून पिठाचा गोळा आत टाकला. पहिल्याच झटक्याला तुकडा माझ्या चपलेवर येऊन पडला. त्या हिशेबाने मी त्या दिवशी कार्थेजवर चालून जायला मोकळी होते.

एक मात्र करू नका: अगदी अंधारात कौल घेऊ नका. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते ती खात नाही. उजेडाची पहिली रेघ येऊ द्या.

अशुभ काय, तेही सांगते. कोंबड्यांनी खाल्लं नाही, पिंजऱ्यातून बाहेर यायला वेळ लावला, पक्षी मध्येच ओरडला, तर काम थांबवा. ही यादी इ.स.पू. ३६८ सालच्या एका भाषणात येते. ते लिव्हीने आपियस क्लॉडियसच्या तोंडी घातलं आहे: या गोष्टी क्षुल्लक आहेत खऱ्या, पण या क्षुल्लक गोष्टींना तुच्छ न मानूनच आपल्या पूर्वजांनी हे राज्य मोठं केलं. वक्त्याचं आडनाव ध्यानात ठेवा. शंभरेक वर्षांनी याच घराण्यातला एक माणूस येतोय.

कोंबड्या खात नसतील तर

मार्गदर्शकाचा खरा भाग हाच, कारण खाल्लं तर कोण विचारतंय?

सरळ मार्ग म्हणजे थांबा. कॉन्सल गायस फ्लॅमिनियसला इ.स.पू. २१७ मध्ये त्याच्या पुलारियसने हेच सांगितलं, आज लढाई पुढे ढकला. फ्लॅमिनियसने विचारलं, नंतरही खाल्लं नाही तर? उत्तर आलं, तर स्वस्थ बसा. तो म्हणाला, काय पण उत्तम शकुन, कोंबड्या भुकेल्या असल्या तर काम करायचं आणि त्यांची पोटं भरलेली असली तर नाही! तर्क म्हणून पाहिलं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याआधी ज्युपिटरच्या मूर्तीसमोर त्याचा घोडा त्याच्यासकट कोसळला होता, मग निशाण जमिनीतून उपटता उपटेना, तरी तो निघाला. ट्रासिमेने सरोवराच्या काठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल धुक्यात दबा धरून बसला होता. सुमारे १५,००० रोमन पडले आणि फ्लॅमिनियसही गेला. यातून रोमनांनी काढलेला निष्कर्ष असा नव्हता, की पुढे टेहळणी पथक न पाठवणं महागात पडलं. निष्कर्ष होता कोंबड्यांचा.

दुसरा मार्ग म्हणजे खोटं सांगणं. हा तुमच्या हातात नसतो, पुलारियसच्या हातात असतो. इथे परत पापिरियसकडे या. ॲक्विलोनियाजवळ सॅम्नाइट समोर होते आणि छावणीतला प्रत्येक माणूस लढायला आतुर झाला होता, कौल घेणारेसुद्धा. कोंबड्या खाईनात. पुलारियसने धाडस करून सांगितलं, त्रिपुडियम झालं, उत्तम झालं. पण पुलारियसांची आपसात बाचाबाची झाली, ती घोडदळातल्या काहींनी ऐकली आणि कॉन्सलच्या पुतण्याला सांगितली. या पुतण्याबद्दल लिव्ही जाता जाता म्हणतो, की देवांना तुच्छ लेखायला शिकवणारी विद्या येण्याआधी जन्मलेला हा तरुण. त्याने चौकशी केली आणि काकाला कळवलं.

काकाचं उत्तर वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. तू तुझं काम चोख केलंस, पण कौलाला बसलेला माणूस खोटं सांगत असेल तर ते पाप त्याच्या डोक्यावर. मला त्रिपुडियम झाल्याचं सांगण्यात आलं, माझ्यासाठी आणि सैन्यासाठी शकुन उत्तमच आहे. मग त्याने हुकूम सोडला, की पुलारियसांना सगळ्यांत पुढच्या रांगेत उभं करा. लढाईची पहिली आरोळी उठण्याआधीच कुठूनसा आलेला एक भाला त्या पुलारियसला लागला आणि तो निशाणांपुढे पडला. "देव लढाईत उतरलेत," कॉन्सल म्हणाला, "अपराध्याला शिक्षा मिळाली." तेवढ्यात समोर एक कावळा स्वच्छ आवाजात ओरडला, तोही शकुन पदरात पाडून घेतला. लढाई जिंकली. याच गृहस्थाने ऐन लढाईत, जिथे इतर सेनापती देवळं नवसतात तिथे, ज्युपिटरला मध घातलेल्या दारूचा एक छोटा पेला नवसला होता. देवांनी तोही गोड मानून घेतला, असं लिव्ही लिहितो.

मला या गोष्टीतून कळलं ते हे: कोंबडीने खाल्लं की नाही, यावर हा विधी उभा नाही. तुम्हाला काय सांगण्यात आलं, यावर उभा आहे. म्हणून पिंजऱ्यात स्वतः डोकावू नका. तुम्ही फक्त विचारा आणि ऐका.

तिसरा मार्ग फक्त सावध करण्यासाठी सांगते. इ.स.पू. २४९, सिसिलीचा पश्चिम किनारा. पुब्लियस क्लॉडियस पुल्खेर, तेच क्लॉडियस घराणं, ड्रेपाना बंदरातल्या कार्थेजच्या आरमारावर हल्ला करायला निघाला. कोंबड्या खाईनात. त्याने पिंजऱ्यातल्या कोंबड्या समुद्रात फेकायला लावल्या: खात नाहीत ना, तर पिऊ देत. मला या वाक्यावर दरवेळी चीड येते. डोलणारं जहाज, खारा वारा, चहूकडे वल्ह्यांचा गोंगाट. वर सांगितलं तेच, कोंबडी अनोळखी जागी खात नाही. तिच्यात देव नव्हता, मळमळ होती.

कार्थेजच्या आधर्बालने बंदरातून निसटून बाहेरून वेढा घातला आणि रोमन जहाजं किनाऱ्याकडे दाबली. ९३ जहाजं शत्रूच्या हाती गेली, सुमारे ३० घेऊन क्लॉडियस पळाला. रोममध्ये खटला झाला, १,२०,००० आसचा दंड बसला. (आस म्हणजे काशाचं नाणं.) पुढे इ.स.पू. २४६ मध्ये त्याची बहीण क्लॉडिया खेळ पाहून परतताना गर्दीत चेंगरली आणि मोठ्याने म्हणाली, माझा भाऊ जिवंत असता तर आणखी एक आरमार बुडवून ही गर्दी कमी केली असती! तिलाही २५,००० आस दंड. ड्रेपानाच्या वर्षीचा, म्हणजे इ.स.पू. २४९ चा, दुसरा कॉन्सल लुशियस जुनियस. त्यानेही शकुन धुडकावले आणि त्याचं आरमार वादळात गेलं, असं सिसेरो सांगतो. या जुनियसचं टोपणनाव काय असावं? पुल्लुस. पिल्लू.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या लढाईची सर्वांत जुनी आणि सविस्तर हकिगत ग्रीक इतिहासकार पॉलिबियसची, आणि त्यात कोंबड्या नाहीतच. त्याच्या लेखी क्लॉडियस हरला तो जहाजांच्या मांडणीमुळे. कोंबड्या नंतरच्या लेखकांकडून जहाजावर चढल्या.

पिंजऱ्याची कडी मात्र तपासा. इ.स.पू. १३७ मध्ये स्पेनमधल्या नुमान्शियावर निघालेल्या होस्टिलियस मान्सिनसने लॅव्हिनियमला पिंजरा उघडला, तर कोंबड्या उडून जवळच्या जंगलात गेल्या आणि शोधूनही मिळाल्या नाहीत. पुढे तो शत्रूला शरण गेला.

घरातून बाहेर पडताना

छावणीबाहेरही यातून सुटका नाही. रोमन लेखक थोरला प्लिनी म्हणतो, की हे पक्षी रोज आमच्या अधिकाऱ्यांवर हुकूम चालवतात, त्यांच्या घराची दारं उघडतात आणि बंद करतात.

रोमन लोकनेता टायबेरियस ग्रॅकसची इ.स.पू. १३३ मधली सकाळ ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिली आहे. पहाटे घरी कोंबड्या आणल्या, खाणं टाकलं. माणसाने पिंजरा गदागदा हलवला तरी एकच बाहेर आली. तिने खाण्याला चोच लावली नाही, डावा पंख उचलला, पाय ताणला आणि परत आत पळाली. आता, हे कोणतीही कोंबडी झोपेतून उठल्यावर करते. आळस देते ती. पण पिंजरा हलवणाऱ्या त्या माणसाला मी कामावर ठेवलं नसतं. घाबरलेली कोंबडी खात नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. मग ग्रॅकस उंबऱ्याला ठेचकाळला, अंगठ्याचं नख फुटून रक्त बुटाबाहेर आलं. डाव्या हाताला छपरावर कावळे भांडत होते, त्यांनी सारलेला दगड त्याच्या पायाशी पडला. सोबतचा तत्त्वज्ञ ब्लॉसियस म्हणाला, सेनापती स्किपिओ आफ्रिकेनसचा नातू एका कावळ्याला भिऊन लोकांच्या हाकेला गेला नाही, तर लाज वाटेल. तो गेला. त्याच दिवशी कॅपिटोल टेकडीवर त्याला बाकांच्या पायांनी झोडपून मारलं.

तेव्हा उंबऱ्याशी जपा. जोडेही नीट घाला. सम्राट ऑगस्टसला सकाळी डाव्या पायाचा जोडा उजव्या पायात गेला, तर तो अपशकुन वाटायचा. बाजारातल्या आरोळ्यांकडे कान द्या, किंवा देऊ नका, तुमची मर्जी. रोमन सेनापती क्रॅसस पार्थियाच्या स्वारीसाठी ब्रुंडिसियम बंदरात सैन्य जहाजांवर चढवत होता, तेव्हा एक विक्रेता कौनसचे अंजीर विकत ओरडत होता, "कौनेआस!" नंतर लोकांना त्यात "कावे ने एआस", म्हणजे "जाऊ नकोस", ऐकू आलं.

यातून सुटायची सर्वांत चांगली युक्ती पाच वेळा कॉन्सल झालेल्या मार्कस मार्सेलसची. सिराक्यूज जिंकणारा तोच, आणि स्वतः ऑगरही. एखादं काम करायचंच असं ठरवलं, की तो पडदे बंद केलेल्या पालखीतून जायचा. बाहेर काय उडतंय, कोण अडखळतंय, दिसलंच नाही तर अपशकुन लागू होत नाही. नियम त्याला पक्के माहीत होते, म्हणूनच.

घरच्या बायकांसाठीही एक पद्धत नोंदलेली आहे. लिव्हियाला, म्हणजे पुढे ऑगस्टसची बायको झालेल्या बाईला, टायबेरियसच्या (पुढच्या सम्राटाच्या, वरच्या ग्रॅकसच्या नव्हे) वेळी दिवस गेले होते. मुलगा होणार की मुलगी, हे पाहायला तिने बसलेल्या कोंबडीखालचं एक अंडं काढून घेतलं आणि तिने व दासींनी आळीपाळीने ते हातात धरून उबवलं. छान तुरा असलेला कोंबडा निघाला. करायचं असेल तर लक्षात घ्या, पूर्ण अंडं उबायला २१ दिवस लागतात. म्हणून कोंबडीने आधीच बरेच दिवस उबवलेलं अंडं काढा, लिव्हियाने बहुधा हेच केलं असावं. आणि ते मधूनमधून उलटत राहा.

याच लिव्हियाच्या मांडीवर गरुडाने एक पांढरी कोंबडी टाकली होती, चोचीत लॉरेलची डहाळी असलेली. कोंबडी वाढवली, डहाळी लावली. फ्लॅमिनियन रस्त्यावरच्या त्या वाड्याला 'कोंबड्यांपाशी' हेच नाव पडलं, लॉरेलचं बन माजलं आणि सीझर मंडळी विजययात्रेसाठी तिथलीच पानं तोडू लागली. इ.स. ६८ मध्ये, नीरोच्या शेवटच्या वर्षी, सगळं बन मुळासकट वाळलं आणि तिथल्या साऱ्या कोंबड्या मेल्या, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. कशाने मेल्या, रोग आला होता का, त्या गडबडीत त्यांना दाणापाणी द्यायला कोणी उरलं होतं की नाही, यातलं त्याने काहीच लिहिलेलं नाही.